थंडीत पंखा उलटा फिरवला तर खोली उबदार होते का?

नव्या पंख्यांच्या रिमोटवर अलीकडे अनेकदा एक जादा बटण असते. कुठे त्यावर ‘रिव्हर्स’ असे लिहिलेले असते, कुठे ‘विंटर’, तर कुठे नुसते उलटसुलट दोन बाण काढलेले असतात. ते दाबले की पंखा थांबतो आणि विरुद्ध दिशेने फिरू लागतो. हिवाळ्यात हे बटण दाबावे म्हणजे खोली गरम राहते, असे दुकानदार सांगतो, आणि डिसेंबर उजाडला की परदेशात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडून हाच सल्ला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडतो. सल्ला खोटा नाही. मात्र तो ज्या घरांसाठी जन्माला आला ती घरे आणि आपली पुण्या-नाशिकची घरे यांच्या बांधणीतच मोठा फरक आहे. तो फरक ध्यानात न घेता बटण दाबणारा माणूस चार दिवस कुडकुडून शेवटी पंख्यालाच दोष देण्याची शक्यता अधिक.

पंखा गार करतो म्हणजे नेमके कोणाला?

बंद खोलीत पंखा तासभर पूर्ण वेगाने चालू ठेवला आणि आत कोणीही नसले, तर तासाभराने खोलीचे तापमान उतरलेले नसते. ते किंचित वाढलेले असते, कारण पंख्याने घेतलेली वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत राहते. तरीही पंख्याखाली बसलेल्याला गार वाटते, कारण माणूस स्वतःच एक लहानशी शेगडी आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते आणि त्याच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. हवा स्थिर असेल तर त्वचेला लगटून कोमट हवेचा एक पातळ थर साचतो आणि तो पांघरुणासारखे काम करतो. वारा लागला की हे पांघरूण उडून जाते. बशीतल्या चहावर आपण फुंकर घालतो तेव्हा हेच घडते: आपला श्वास काही थंड नसतो, तो फक्त चहावर तरंगणारी वाफ आणि गरम हवा बाजूला सारतो.

उन्हाळ्यात हवाहवासा वाटणारा हाच गुण हिवाळ्यात नकोसा होतो. खोलीत १८ अंश तापमान असताना पंख्याचा झोत अंगावर आला, तर खोली तितकीच राहते आणि माणूस मात्र गारठतो. मग थंडीत पंखा लावण्याचा विचार तरी कोणाला का सुचावा, हे समजण्यासाठी आधी हवेच्या एका खोडीकडे पाहिले पाहिजे.

बंब, बादली आणि विसण

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बंबाच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते नळीतून थेट तळाशी जाते आणि वरच्या तोटीतून कढत पाणी बाहेर पडते. दोन्ही एकाच भांड्यात असूनही ती चटकन मिसळत नाहीत, कारण गरम पाणी हलके असते आणि वरच राहते. हवेचेही तसेच आहे. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२० किलो भरते, तर ३० अंशांच्या तितक्याच हवेचे सुमारे १.१६ किलो. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा आहे. पण हीटरने तापवलेल्या बंद खोलीत तेवढ्याने हवेचे थर लागतात, गरम हवा छताला जाऊन चिकटते आणि पायांशी गारठा तसाच राहतो. हवेचे असे थर लागण्याला स्तरीकरण म्हणतात. छत जितके उंच आणि खोली तापवण्याची रीत जितकी संथ, तितके हे थर अधिक ठळक होतात.

बादलीत गरम पाण्यावर विसण घातल्यावर आपण हात घालून पाणी ढवळतो, नाहीतर पहिला तांब्या चटका देतो आणि शेवटचा गारठवतो. थंडीतल्या पंख्याचे काम या हाताचे आहे. तो उष्णता निर्माण करत नाही. वर साचलेली उष्णता खाली आणतो, आणि तीही वर काही साचलेले असेल तरच.

मग दिशा कशाला बदलायची?

ही शंका अगदी रास्त आहे. बादलीत हात उजवीकडून फिरवला काय आणि डावीकडून फिरवला काय, पाणी सारखेच ढवळले जाते. तसेच पंखा सुलटा असो वा उलटा, हवा मिसळण्याचे काम दोन्हींत होते. अडचण इतकीच आहे की या बादलीत आपणच बसलेलो असतो. सुलटा पंखा हवेचा झोत सरळ खाली, म्हणजे आपल्या डोक्यावर सोडतो. उलटा पंखा खोलीच्या मध्यावरची हवा वर ओढतो, ती छतावर पसरते आणि चारही भिंतींवरून सावकाश खाली उतरते. गरम हवा जमिनीपर्यंत पोहोचते, पण वाटेत अंगावर वारा येत नाही. दिशा बदलण्यामागे याहून मोठे रहस्य नाही.

म्हणूनच उलटा पंखा अगदी मंद चालवायचा असतो. गार खोलीतली हवा सेकंदाला सुमारे ०.२ मीटर, म्हणजे साधारण एक वीत, यापेक्षा वेगाने हलू लागली की बसलेल्या माणसाला तिची झुळूक बोचू लागते. पंखा उलटा फिरवून पाच नंबरवर ठेवला, तर भिंतीवरून उतरणारी हवा जमिनीवरून फिरून पुन्हा पायांशी येते आणि सगळा हेतूच फसतो.

पंखा उलटा आहे की सुलटा हे ओळखण्यासाठी घड्याळाच्या काट्यांचा नियम सांगितला जातो. अमेरिकेतल्या बहुतेक पंख्यांच्या बाबतीत, खालून पाहिले असता काट्यांच्या विरुद्ध दिशा उन्हाळ्याची आणि काट्यांची दिशा हिवाळ्याची असते. तरी खरी गोष्ट पात्यांच्या तिरपेपणावर ठरते. नियम पाठ करण्यापेक्षा पंख्याखाली उभे राहून हात वर धरावा: वारा तळहातावर दाबला गेला तर पंखा सुलटा आहे.

या सल्ल्याचे माहेर

उलट्या पंख्याचा सल्ला प्रामुख्याने अमेरिकेतून आला आणि तेथे तो इतका रुळला आहे की कायद्यातही उतरला आहे. २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्यानुसार, १ जानेवारी २००७ पासून तयार होणाऱ्या छताच्या पंख्यांना, काही अपवाद वगळता, दिशा बदलण्याची सोय असणे बंधनकारक झाले. यामागचे कारण तिथल्या घरांत पाहावे लागते. तिथले घर हिवाळाभर बंद असते, त्याच्या भिंती व छप्पर उष्णतारोधक थरांनी मढवलेले असतात आणि तळघरातल्या भट्टीची गरम हवा नळांवाटे प्रत्येक खोलीत सोडली जाते. अनेक घरांत दिवाणखाना दोन मजले उंच असतो आणि त्यातूनच जिना वर जातो. अशा घरात तापवलेली हवा वरच्या मजल्याकडे धाव घेते, सोफ्यावर बसलेले सासू-सासरे शाल पांघरून राहतात आणि वरच्या खोलीतली नातवंडे बनियनवर खेळत असतात. न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या कोणत्याही मराठी कुटुंबाला हे चित्र ओळखीचे वाटेल. तिथे उंच छताचा पंखा उलटा आणि सर्वांत मंद गतीवर ठेवणे हा उत्तम उपाय आहे.

त्याने बिल कमी होते का? होऊ शकते, पण वाट जरा आडवळणाची आहे. भट्टी केव्हा चालू आणि केव्हा बंद व्हायची, हे भिंतीवर साधारण पाच फुटांवर बसवलेला थर्मोस्टॅट ठरवतो. वरची उष्णता त्या उंचीपर्यंत खाली आली की त्याला खोली पुरेशी तापल्याचे कळते आणि भट्टी लवकर थांबते. शिवाय छताला टेकलेली हवा तितकी तापलेली न राहिल्याने छपरातून निसटणारी उष्णताही थोडी घटते. मात्र आठ फुटी छताच्या लहानशा फ्लॅटमध्ये, जिथे गरम हवा आधीच पंख्याच्या जोराने आत सोडली जाते, तिथे थर फारसे लागतच नाहीत. तेथे उलट्या पंख्याकडून मोठ्या बचतीची अपेक्षा धरू नये. दोन साधे तापमापक घेऊन एक छताजवळ आणि एक घोट्याच्या उंचीवर तासभर ठेवावा. दोघांत दोन-तीन अंशांचाही फरक नसेल तर पंख्याला काही कामच उरलेले नाही.

आपल्या घरात उष्णता कुठे असते?

आता पुणे, नाशिक, नागपूर किंवा जळगावच्या घराकडे येऊ. येथेही जानेवारीत पारा काही रात्री एक आकड्यावर येतो, निफाडचा गारठा तर दर हिवाळ्यात बातम्यांत झळकतो. पण आपल्या घरांत भट्टी नसते, भिंतींना उष्णतारोधक थर नसतो आणि बऱ्याच घरांत खिडकीची एक फट कायमची उघडी असते. तेव्हा पहिला प्रश्न असा की वर साचायला गरम हवा येणार कुठून?

थोडा हिशोब करून पाहू. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. तिचे वजन ४० किलोच्या आसपास भरते, म्हणजे शाळकरी मुलाइतके. याच खोलीवरचा पाच इंची काँक्रीटचा स्लॅब तीन टनांहून अधिक वजनाचा असतो. दोघांची उष्णता साठवण्याची ताकद ताडून पाहिली तर एकटा स्लॅब खोलीतल्या सगळ्या हवेच्या सुमारे सत्तर पट उष्णता धरून ठेवतो. चार भिंती आणि फरशी वेगळीच. आपल्या खोलीचे तापमान ठरवण्याचा मान त्यामुळे हवेकडे नसून सिमेंट-विटांकडे आहे, आणि चाळीस किलो हवेची कितीही घुसळण केली तरी त्या तीन टनांचे मन वळत नाही.

वरच्या मजल्यावर तर गंमत आणखी उलटी असते. थंडीच्या निरभ्र रात्री गच्ची आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि पहाटेपर्यंत स्लॅब खोलीतल्या हवेपेक्षाही गार होतो. त्याला टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि आपोआप खाली उतरते. अशा खोलीत थर लागत नाहीत. जी ढवळाढवळ पंख्याने करायची ती गार छत फुकटात करून देते. येथे पंखा उलटा फिरवला, तर गार स्लॅबवर अधिक हवा घासून खोली किंचित आणखी गार होण्याचीच शक्यता आहे. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरचे लोक ‘पंखा नुसती गरम हवा फेकतो’ अशी तक्रार करतात, ती याच स्लॅबची दुसरी बाजू आहे. तेव्हा छत तापलेले असते, त्याखालची हवा तापलेली असते, आणि ती खाली ढकलण्याचे काम पंखा इमानेइतबारे करतो.

थोडक्यात, ज्या मराठी घरात हीटर नाही तेथे ‘विंटर’ बटणाचा उबेशी संबंध जवळजवळ नाही. चार पाहुणे खोलीत येऊन बसले तर ४०० वॉटची भर पडते आणि तो परिणाम पंख्यापेक्षा नक्कीच जास्त जाणवतो.

हीटर असेल तर?

मग हीटर कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. लालबुंद सळीचा किंवा हॅलोजनचा हीटर उन्हासारखा वागतो. त्याचे किरण थेट अंगावर पडतात आणि हवा मागाहून तापते. त्याच्यापुढे बसलेले असताना पंखा कोणत्याही दिशेने लावला तरी तोटाच, कारण त्वचेजवळचे कोमट पांघरूण उडून जाते. ब्लोअरमध्ये आतच पंखा असतो, त्यामुळे छताच्या पंख्याला फारसे करण्यासारखे राहत नाही. तेल भरलेला, रेडिएटरसारख्या फण्या असलेला हीटर मात्र हवा सावकाश तापवून वर पाठवतो. त्याच्या जोडीला बंद खोलीत उलटा, मंद पंखा उपयोगी पडतो.

सर्वांत चांगला उपयोग होतो तो गरम-गार अशा दोन्ही प्रकारे चालणाऱ्या एसीच्या जोडीला. हा एसी भिंतीवर सात-आठ फुटांवर बसवलेला असतो. उन्हाळ्यात ते सोयीचे असते, कारण गार हवा आपणहून खाली येते. हिवाळ्यात तोच एसी गरम हवा सोडतो तेव्हा ती वरच्या वर फिरत राहते, एसीतल्या संवेदकाला खोली तापल्याचा भास होतो आणि यंत्र मंदावते, तर पलंगावरचा माणूस पांघरूण शोधत असतो. दिल्लीकडे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसांनी हा अनुभव घेतला असेल. तेथे ‘विंटर’ बटण जरूर दाबावे.

एका गोष्टीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत काही घरांत कोळशाची शेगडी बंद खोलीत आणून ठेवतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. पंखा चालू असला म्हणजे हा धोका टळतो, ही समजूत जीवघेणी आहे. हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असतो, म्हणून तो खाली बसत नाही की वर जाऊन थांबत नाही, आणि पंखा त्याला फक्त खोलीभर सारखा पसरवतो. शेगडी घराबाहेर ठेवणे हाच खरा उपाय आहे.

तरीही आपण थंडीत पंखा लावतोच

गोधडी डोक्यापर्यंत ओढून वर पंखा चालू ठेवणारी माणसे महाराष्ट्रात घरोघरी आहेत, आणि त्यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. त्यांचे सर्वांत सबळ कारण डास हे आहे. डास दुबळा उडणारा कीटक आहे. मंद वाऱ्यातही त्याला नेम धरून अंगावर उतरणे कठीण जाते. शिवाय तो आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतो आणि पंखा तो माग विस्कटून टाकतो. या कामासाठी पंखा सुलटाच हवा, कारण वारा अंगाभोवती असायला हवा. म्हणजे येथे उबेचा आणि डासांचा हिशोब परस्परविरोधी आहे. मच्छरदाणी लावली तर हा पेच सुटतो. ती नको असेल तर पलंग पंख्याच्या बरोबर खाली न ठेवता थोडा बाजूला सरकवावा, पंखा एक नंबरवर ठेवावा आणि डोके झोतापासून दूर राहील असे पाहावे. काहींना पंख्याच्या घरघरीशिवाय झोप येत नाही. त्यांनी पंखा उलटा फिरवून पाहायला हरकत नाही: आवाज तोच आणि वारा कमी.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, गारवा म्हणजे केवळ डिसेंबर-जानेवारी नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा गार आणि ओलसर असते, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस आंबत राहतात आणि भिंतीला बुरशी धरते. येथे पंखा खरोखर कामाचा आहे, कारण ओल्या कपड्याभोवतीची दमट हवा बाजूला झाली की पाणी लवकर उडते. मात्र उडालेले पाणी खोलीतच राहते. खिडकी किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट चालू नसेल, तर कपड्यांतली ओल भिंतीवर आणि कपाटामागे जाऊन बसते. कपडे वाळत घातलेल्या खोलीत त्यामुळे सुलटा पंखा आणि उघडी फट ही जोडी हवी. खिडकीबाहेर धो-धो पाऊस पडत असेल तर थोडी उघडीप मिळेपर्यंत थांबावे.

विजेचा खर्च आणि जुना पंखा

जुना, साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट वीज घेतो. रोज आठ तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात ३० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला साधारण सात युनिट, आणि मंद गतीवर त्याहून पुष्कळच कमी. बीएलडीसी म्हणजे कायमचुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी, ब्रश नसलेली मोटर. दिशा बदलणे हे या सर्किटला डाव्या हाताचे काम असल्यामुळेच रिमोटवर ते बटण आले. तुलनेसाठी, २,००० वॉटचा हीटर एका तासात दोन युनिट खातो, म्हणजे जुन्या पंख्याच्या तीन रात्रींहून अधिक. हीटर लावणाऱ्याने मंद पंख्याच्या विजेची चिंता करण्याचे कारण नाही. हीटर नसलेल्याने पंखा बंद ठेवला, तर त्याची सगळीच वीज वाचते.

जुन्या पंख्याला हे बटण नसते. वायरमन कंडेन्सरची जोडणी एका गुंडाळीवरून दुसरीवर नेऊन तो उलटा फिरवू शकतो, आणि कधीकधी दुरुस्तीनंतर पंखा ‘वाराच देत नाही’ असे होते तेव्हा चुकून हेच झालेले असते. पण एका महिन्याच्या थंडीसाठी ही जोडणी बदलून मार्चमध्ये पुन्हा पूर्ववत करून घेणे व्यवहाराचे नाही, आणि स्वतः स्टुलावर चढून हे करू तर मुळीच नये. ज्यांच्या पंख्याला बटण आहे त्यांनीही ते दाबण्यापूर्वी पाती ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. वर्षभर एकाच दिशेने फिरून पात्यांच्या कडेला जो धुळीचा जाड थर बसलेला असतो, तो दिशा बदलताच सुटू लागतो आणि नेमका पलंगावरच्या धुतलेल्या चादरीवर येऊन पडतो.